वरच्या मजल्यावर टब की शॉवर?

मनीषनगरला वहिनीच्या घराचा वरचा मजला चढून राह्यला, आणि बाथरूममध्ये टब घ्यावा की नुसता शॉवर हे काही ठरेना, म्हणून लिहितोय.

आधी वजन. अ‍ॅक्रिलिकचा टब 30-40 किलोचा, पण आत दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, वर माणूस, त्यामुळे स्लॅबचं इंजिनिअरला विचाराच. शॉवरला ही कटकट नाही.

प्रेशरमध्ये मात्र शॉवर मार खातो. टाकी गच्चीवर, 10 फुटाच्या हाइटला जेमतेम 0.3 बार (बार म्हणजे प्रेशरचं माप) मिळतो, मोठा रेन शॉवर नुसता ठिबकतो, मग पंप लावा. टब हळूहळू का होईना भरतो, पण 25 लिटरचा गीझर त्याला पुरत नाही बाप्पा.

खरी भीती लीकेजची. टबखालचा ट्रॅप (पाणी जायचा वाकडा पाइप), ओव्हरफ्लोचा (जास्तीचं पाणी काढणाऱ्या भोकाचा) जॉइंट झाकलेला, खालच्या हॉलच्या सीलिंगला ओल आली की मग कळतं! साइडला उघडता येणारं पॅनल ठेवायला लावाच. आणि टब असो की शॉवर, टाइल्सच्या आधी वॉटरप्रूफिंगवर दोन दिवस पाणी भरून ठेवा, मिस्त्री कितीही घाई करो.

बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या पार्टिशनवर पांढरे डाग पडतातच, पडदा बरा.

लहान लेकरं असतील, पाण्याची ददात नसेल तर टब घ्या. म्हातारी माणसं असतील तर शॉवरच, टबच्या काठावरून पाय टाकणं त्यांना जमत नाही.