थंडरबोल्ट्स आधी की डार्क ॲव्हेंजर्स?

भाच्याला तोतया सुपरहिरोंची, म्हणजे हिरो असल्याचं सोंग घेणाऱ्या खलनायकांची, एकच कॉमिक्स मालिका घ्यायचीय. दोन्ही मार्व्हलच्याच.

थंडरबोल्ट्समध्ये (१९९७) ‘सिटिझन व्ही’ म्हणजे खलनायक बॅरन झीमो, हे पहिल्या अंकाच्या अगदी शेवटी कळतं. डार्क ॲव्हेंजर्समध्ये (२००९) टोळीचा म्होरक्या नॉर्मन ऑस्बॉर्नचं सोंग आपल्याला आधीच ठाऊक; तरी तिरंदाज हिरो हॉकआयच्या वेशातला मारेकरी बुल्सआय धनुष्य ताणतो तेव्हा पोटात गोळा येतो.

डार्क १६ अंकांत आटोपतं, पण मागचे संदर्भ माहीत हवेत. थंडरबोल्ट्स बरंच लांब. मात्र त्या टोळीतल्या साँगबर्डला खरंच चांगलं व्हावंसं वाटू लागतं, ते मुरायला तेवढी पानं लागतातच. मूनस्टोन ही खलनायिका दोन्हीकडे आहे, बरं का!

सत्तेचा माज नि झटपट थरार हवा तर डार्क. माणूस बदलताना बघायचा तर थंडरबोल्ट्स. भाच्याला मी तेच देणार.