स्पीकरखाली गेलेले सोळा हजार

लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन कोणी स्पीकरखाली लावायचे ‘इम्पोर्टेड आयसोलेशन फीट’ (स्पीकरची कंपनं जमिनीत जाऊ नयेत म्हणून लावायचे पाय) दाखवले, तर पाकीट काढण्याआधी हे वाचा. माझे १६,००० रुपये गेले.

हे पाय विकणाऱ्यानेच आधी मला पितळी स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, विकले होते. का, तर ‘स्पीकर जमिनीला जखडला की बास (खालचे, जड सूर) टाइट होतो’. काही महिन्यांनी त्याचा फोन: ‘साहेब, स्पाइक आता जुने झाले. स्पीकर जमिनीपासून तोडायचा, बास टाइट होतो.’ घर तेच, मुलुंडचा आरसीसी स्लॅब तोच! गिरगावच्या जुन्या चाळीत फळ्यांची जमीन थरथरते, तिथे स्पीकर वेगळा करण्यात अर्थ आहे. काँक्रीटवर फरक पडलाच तर जेमतेम. स्पाइक तर गालिच्यावर स्पीकर डुगडुगू नये म्हणून. आमच्याकडे त्यांनी लाद्यांवर चरे तेवढे पाडले.

डेमोला तो घरी आला. पाय बसवताना स्पीकर भिंतीपासून चांगले हातभर पुढे ओढले आणि रिमोट स्वतःकडेच ठेवला. खरी मेख इथेच. भिंतीपासून दूर नेलं की घुमणारा बास आपोआप कमी होतो. आणि आवाज किंचित वाढवला तर वाढलाय हे कळत नाही, फक्त ‘छान’ वाटतं. तो गेल्यावर स्पीकर जुन्या जागी सरकवले, आवाजाची पातळी जुळवली, डोळे मिटून बसलो आणि मुलीला पाय काढ-घाल करायला लावले. कधी पाय आहेत, कधी नाहीत, काही ओळखता येईना.

मग एक पाय उघडला. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या टोपीखाली वॉशिंग मशीनला लावतात तसली कडक रबरी चकती! स्पीकरच्या वजनाने ती दबतच नव्हती. स्प्रिंग १ मिलिमीटर दबली तर तिची स्वतःची वारंवारिता (सेकंदाला किती वेळा हलते ते) सुमारे १६ हर्ट्झ येते, आणि त्याच्या साधारण १.४ पटीच्या वरचीच कंपनं ती अडवते. जितकी कमी दबेल, तितका हा आकडा वर जातो. न दबणारं रबर बास काय अडवणार? शिवाय बास हवेतूनही स्लॅबला हलवतो, त्यामुळे खालच्या काकूंची तक्रार होती तशीच आहे.

पैसे मागितले तर ‘वापरलेला माल परत नाही’. पावती म्हणजे ‘अ‍ॅक्सेसरीज’ लिहिलेली चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही. नशीब, पैसे यूपीआयने दिले होते आणि ‘जर्मन माल’ असे त्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज शाबूत आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय.