चर्चच्या अभ्यासगटासाठी: 'लाउदातो सी' घ्यावं की 'लाउदाते देउम'?

चर्चच्या गटात श्रद्धा आणि पर्यावरण यावर वाचन करायचं ठरलं की पोप फ्रान्सिस यांची दोन पत्रं समोर येतात. 2015चं 'लाउदातो सी', एकूण परिच्छेद 246. 2023चं 'लाउदाते देउम', एकूण परिच्छेद 73. वेळ कुणाकडेच नसतो, त्यामुळे हात आधी धाकट्याकडे जातो. आमच्या वसईतल्या गटाचाही गेला.

विज्ञानापुरतं बोलायचं तर 'देउम' उजवं आहे. तापमानवाढ माणसामुळे होते आहे हे पहिल्याच प्रकरणात आडपडदा न ठेवता सांगितलंय. "हवामान काय, पूर्वीही बदलायचंच" म्हणणाऱ्यांनाही तिथेच उत्तर आहे.

मला खटकलं ते पुढचं. 34 ते 60 हे परिच्छेद आंतरराष्ट्रीय राजकारण आणि हवामान परिषदांचे. त्यातलं एक अख्खं प्रकरण दुबईच्या परिषदेकडून काय अपेक्षा ठेवावी यावर. ती परिषद तर कधीच होऊन गेली! साहजिकच कुणीतरी विचारतं, "मग तिथे झालं काय?" की थांबा आणि सांगत बसा: आजारपणामुळे पोप गेले नाहीत, त्यांचं भाषण व्हॅटिकनचे कार्डिनल पारोलिन यांनी वाचलं, जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं असं ठरलं वगैरे. प्रार्थनेने सुरू झालेली बैठक बातम्यांच्या चर्चेत संपायची. श्रद्धेचा मुद्दा नीट येतो तो 61पासून. तोवर मंडळींचं लक्ष घड्याळाकडे.

'लाउदातो सी' ऐसपैस आहे, मधे मधे पुनरुक्तीही वाटते. पण त्यातला 39वा परिच्छेद काढा. किनाऱ्यावरची कांदळवनं नाहीशी होताहेत, ही काळजी तिथे आहे. आमच्याकडे तो वाचला आणि खाडीकाठच्या एक मावशी तिवरांत, म्हणजे कांदळवनात, मिळणाऱ्या निवटे या माशांवर बोलायला लागल्या, त्या थांबेनात. 29 आणि 30 पाण्याचे. तिथून गाडी थेट बुजवलेल्या बावखलांवर (आमच्याकडची जुनी गोड्या पाण्याची तळी) आणि टँकरवाल्यांनी उपसलेल्या विहिरींवर. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हरित वसई या पर्यावरण वाचवण्याच्या चळवळीत उतरलेले ज्येष्ठ तर पत्र मिटूनच बोलत होते. त्यानंतर 67व्या परिच्छेदात एदेन बागेची मशागत आणि राखण आली, तेव्हा मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तुमचा गट कॉलेजच्या मुलांचा असेल तर कदाचित अनुभव वेगळा येईल. बाकीच्यांनी सगळे 246 संपवायचा हट्ट धरू नये. पहिली दोन प्रकरणं, म्हणजे 100व्या परिच्छेदापर्यंत, पुरेत. आकडेवारीवरून वाद झालाच, तर 'देउम'चं पहिलं प्रकरण हाताशी असू द्या.