हिरव्या स्मूदीसाठी ४०० वॅटचा छोटा ब्लेंडर

उभट जार भरून तो उलटा बसवायचा, ‘बुलेट’ या नावाने ओळखला जाणारा छोटा ब्लेंडर आता बऱ्याच घरांच्या ओट्यावर दिसतो, आणि तो घेताना बहुतेकांच्या मनात सकाळची हिरवी स्मूदी असते. आमच्याकडे असलेला ब्लेंडर ४०० वॅटचा आहे. दोन जार, पात्यांचे दोन संच आणि पाककृतींची एक पुस्तिका मिळून तो सुमारे अडीच हजार रुपयांना पडला. घरात ७५० वॅटचा नेहमीचा मिक्सर आधीपासूनच असल्यामुळे तेच जिन्नस त्याच मापाने दोन्हींत घालून पाहता आले आणि हे परीक्षण त्या तुलनेवर बेतलेले आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण या वर्गातील बहुतेक यंत्रांची रचना सारखीच असते आणि पुढे सांगितलेले गुणदोष प्रामुख्याने त्या रचनेचे आहेत.

नेहमीच्या मिक्सरमध्ये कच्ची पालेभाजी वाटताना काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पाती फिरू लागली की पाने भांड्याच्या कडांना आणि झाकणाला जाऊन चिकटतात, पात्यांभोवती हवेची पोकळी तयार होते आणि मोटर नुसतीच घरघरत राहते. मग झाकण उघडायचे, चमच्याने पाने खाली ढकलायची आणि पुन्हा फिरवायचे. चटणीच्या भांड्यात हा त्रास कमी होतो, परंतु दही आणि पाणी धरून पेलाभर ऐवज त्यात मावत नाही, तर मोठ्या भांड्यात एका माणसापुरता ऐवज पात्यांच्या जेमतेम वर येतो. उलट्या जारमध्ये सगळा ऐवज स्वतःच्या वजनाने पात्यांवरच येऊन पडतो, जार अरुंद असल्यामुळे पानांना बाजूला पळायला जागा राहत नाही, आणि अडकलेच तर यंत्र बंद करून जार काढून हलवला की काम भागते. एका पेल्यापुरती पालकाची स्मूदी या यंत्रात खरोखरच गुळगुळीत होते, आणि याच कामात ते मोठ्या मिक्सरपेक्षा सरस ठरते.

याचे श्रेय जाहिरातीत मोटरीला दिलेले असते, ते मात्र पटत नाही. वॅटचा आकडा मोटर किती वीज घेते एवढेच सांगतो. ऐवज किती बारीक होणार, हे पात्यांचा वेग, त्यांची धार आणि भांड्याचा आकार यांवर ठरते. वेगाच्या बाबतीत साधा मिक्सरही फारसा मागे नसतो, त्यामुळे फरक पडतो तो जारच्या आकाराने. म्हणूनच ज्यांच्या मिक्सरबरोबर उंच आणि अरुंद जार आलेला आहे, त्यांनी हे यंत्र घेण्याआधी एकदा त्या जारमध्ये स्मूदी करून पाहावी.

भरण्याच्या क्रमाविषयी पुस्तिकेत ‘सर्व साहित्य एकत्र घालून फिरवा’ एवढेच लिहिले आहे, आणि त्या पद्धतीने पालकाचे तुकडे दाताखाली येतात. केळे आणि दही सुरुवातीलाच घातले की मिश्रण दाट होते आणि पाने त्यात फिरतच नाहीत. त्यापेक्षा आधी पाने, आवळ्याच्या फोडी, भिजवून सोललेले बदाम आणि अर्धा पेला थंड पाणी एवढेच घेऊन यंत्र अर्धा मिनिट फिरवावे, आणि पाने पूर्ण विरघळल्यासारखी दिसू लागल्यावर केळे, काकडी व दही घालून पुन्हा थोडा वेळ फिरवावे. सलग एक मिनिटापेक्षा जास्त चालवू नये ही पुस्तिकेतील सूचना मात्र पाळण्यासारखीच आहे, कारण एवढ्याशा आवरणात मोटर लवकर तापते आणि ती उष्णता जारमध्येही पोहोचते.

एका माणसासाठी मूठभर पालक, चारसहा पुदिन्याची पाने, अर्धे केळे, काकडीचा वीतभर तुकडा, एक लहान आवळा, दोन-तीन चमचे दही आणि चारपाच बदाम हे प्रमाण आम्हाला योग्य वाटले. पुस्तिकेत केल (कोबीच्या कुळातली एक परदेशी पालेभाजी), ब्लूबेरी आणि ॲव्होकाडो यांचीच रेलचेल आहे. आपल्या मंडईत वर्षभर मिळणाऱ्या पालकाचा तिथे एकदाच उल्लेख येतो आणि शेवग्याच्या पाल्याचा तर नाहीच. शेवग्याचा कोवळा पाला चमचाभर घातला तर चालतो, त्याहून अधिक घातल्यास कडवटपणा केळ्यालाही झाकता येत नाही. हिरवे ते सारे चालेल असे मानून अळूची पाने मात्र कधीही कच्ची घालू नयेत, कारण त्यांतील सुईसारख्या स्फटिकांनी घसा खाजतो आणि सुजूही शकतो.

हे यंत्र भाजीतील पोषणद्रव्ये ‘मोकळी करते’ असा दावा खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला आहे. त्यात तथ्य आहे, पण ते याच यंत्राचे वैशिष्ट्य नव्हे. पाने बारीक झाल्याने पेशींच्या भिंती फुटतात, मग ती कोणत्याही यंत्रात वाटलेली असोत. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले होते, की पालकातील ल्युटीन हे डोळ्यांना उपयुक्त मानले जाणारे रंगद्रव्य हवे असेल तर तो शिजवण्यापेक्षा कच्चाच बारीक करून दूध किंवा दह्यासारख्या स्निग्ध पदार्थाबरोबर घेणे चांगले. ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते त्या बीटा कॅरोटीनलाही शोषणासाठी स्निग्धांश लागतो, म्हणून दही साईचे असावे आणि बदाम किंवा ओले खोबरे वगळू नये. आवळ्यामुळे क जीवनसत्त्व मिळते आणि पालकातील लोह शरीरात शोषले जाण्यास मदत होते. दुसरीकडे, पालक म्हणजे भरपूर कॅल्शियम हा समज सोडून द्यावा लागतो, कारण त्यातील ऑक्सलेट हे नैसर्गिक द्रव्य ते कॅल्शियम बांधून ठेवते. दुधातील कॅल्शियम साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांच्या दरम्यान शोषले जाते, तर पालकातील अवघे ५ टक्के.

बरेचसे मूतखडे याच ऑक्सलेटचे बनतात, म्हणून ज्यांना मूतखड्याचा त्रास झालेला आहे त्यांनी रोज कच्च्या पालकाची स्मूदी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनीही विचारावे, कारण पालेभाज्यांमधील के जीवनसत्त्व त्या औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करते आणि आहारातील पालेभाजी एकाएकी वाढवणे त्यांच्यासाठी योग्य नसते. पालक उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी फेकून दिल्यास विरघळणारे ऑक्सलेट बरेच कमी होते, पण त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेट हे ब गटातील जीवनसत्त्वही जाते. तेव्हा ज्याला जे टाळायचे आहे त्यानुसार पद्धत निवडावी. उकडलेली भाजी मात्र पूर्ण गार झाल्याशिवाय या जारमध्ये घालू नये. जार सर्व बाजूंनी बंद असतो, वाफेला बाहेर पडायला वाट नसते, आणि आतला दाब वाढल्यावर उघडताना गरम ऐवज अंगावर उडू शकतो.

आता मर्यादांविषयी. चार माणसांची स्मूदी करायची असेल तर चार वेळा जार भरावा लागतो आणि मध्ये यंत्राला विश्रांती द्यावी लागते. तेवढ्या वेळात मोठा मिक्सर दोनदा काम उरकतो. बर्फाचे अख्खे खडे यात फुटत नाहीत, फोडायचा प्रयत्न केल्यास मोटरीचा आवाज बदलतो आणि जळका वास येऊ लागतो. पेरूच्या बिया तशाच राहतात. जवस कोरडे असताना वेगळे दळून ठेवणेच बरे. आवाजाबद्दल एवढेच सांगता येईल, की सकाळी सहा वाजता हे यंत्र सुरू केल्यावर घरात दुसरे कोणी झोपलेले राहत नाही. जारला झाकण लावून स्मूदी बाहेर नेता येते हा जाहिरातीतील मोठा मुद्दा असला, तरी आवळा किंवा लिंबू घातलेली स्मूदी काही तासांत मळकट दिसू लागते, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते. चवीला ती बरी लागते, पण करून लगेच पिणेच चांगले.

धुणे सोपे आहे असे विक्रेते सांगतात. जारपुरते ते खरे आहे. वापर झाल्याबरोबर थोडे पाणी आणि साबणाचा थेंब घालून यंत्र काही सेकंद फिरवले की तो स्वच्छ होतो. पात्यांच्या बैठकीतील रबरी रिंग मात्र प्रत्येक वेळी काढून धुवावी लागते, नाहीतर तिच्याखाली पालकाचा थर साचतो आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. रिंग परत बसवताना ती खाचेत नीट बसली नाही, तर उलट्या जारमधून पाणी थेट यंत्राच्या बैठकीत झिरपते, आणि तिथेच जार दाबल्यावर यंत्र सुरू करणाऱ्या कळा असतात. ही रिंग ढिली पडल्यावर आमच्या शहरातील सेवा केंद्राने ती सुटी मिळणार नाही, पात्यांचा पूर्ण संच घ्यावा लागेल असे सांगितले आणि त्यासाठी जवळजवळ दोन आठवडे थांबवले. मिक्सर दुरुस्त करणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र मापाची रिंग वीस रुपयांत मिळाली. खरेदी करताना वॉरंटी फक्त मोटरीला आहे की पाती आणि रिंग यांनाही आहे, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.