कबड्डीच्या मुलींसाठी दादरचं फिजिओथेरपी केंद्र: एका प्रशिक्षकाचा अनुभव

मी परळला मुलींच्या कबड्डी संघाला शिकवते. माझ्याबरोबर खेळलेल्या कितीतरी चांगल्या मुली ‘लिगामेंट गेलं’ एवढ्या दोन शब्दांवर घरी बसल्या, त्या कायमच्या. म्हणून दादर पश्चिमेच्या या केंद्राबद्दल सविस्तर लिहितेय. आमची मुख्य चढाईपटू इथून पुन्हा मॅटवर उतरली.

तिला कुणी पकडलंही नव्हतं. बोनस घेतला, मागे वळायला गेली, टेकलेला पाय मॅटवर रुतला, अंग फिरलं आणि गुडघा आत गेला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. शस्त्रक्रिया ठरली, पण त्याआधीच सर्जननी इकडे पाठवलं. इथल्या मॅडमनी सूज उतरवण्यावर आणि गुडघा पूर्ण सरळ होण्यावर काम केलं, आणि आणखी एक गोष्ट केली, जी मला तरी सुचली नसती. चांगल्या पायाची ताकद मोजून लिहून ठेवली. ऑपरेशननंतर खेळ बंद असतो, तेव्हा चांगला पायही बारीक होतो. मग त्याच्याशी तुलना केली, की दुखरा पाय आहे त्याहून बरा दिसतो. आधीचा आकडा हाताशी असला की फसायला होत नाही.

याआधी घोट्यासाठी एका वेगळ्या ठिकाणी मुलींना नेलं होतं. शेक द्यायचे, करंट लावायचे, आठवडाभर आराम सांगायचे. दुखणं थांबायचं आणि पुढच्याच स्पर्धेत घोटा परत मुरगळायचा. इथे मशीन कोपऱ्यात असतं. बहुतेक वेळ आरशासमोर घाम गाळण्यात जातो. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणं, मग भिंतीला टेकून बैठक, मग एका पायावर पायरी उतरणं. पायरी उतरताना गुडघा आत झुकला की लगेच थांबवतात. ज्या हालचालीत लिगामेंट तुटलं तीच ही हालचाल, त्यामुळे त्यांची कडक नजर मला पटली.

सगळ्यात अवघड होता दुसरा-तिसरा महिना. दुखत नाही, सूज नाही, पोरगी म्हणते, “ताई, एक चढाई करू दे ना.” मॅडमनी तिला आणि तिच्या आईला समोर बसवून सांगितलं: हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या, दोरीतून बनवलेलं नवं लिगामेंट याच काळात सगळ्यात कच्चं असतं. शरीर त्यात नव्याने रक्तवाहिन्या घालत असतं, तोवर ते आधीपेक्षा कमकुवत होतं. आईला हे कळलं आणि घरातून येणारा दबाव थांबला. ऑपरेशननंतर ९ महिने पूर्ण होण्याआधी सामना नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. जिल्हा निवड चाचणी मध्येच येत होती. मी रदबदली करून पाहिली, त्या हलल्या नाहीत. आज त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

नऊ महिने झाले म्हणून सोडलं असंही नाही. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या या बाजूहून त्या बाजूला तिरक्या उड्या, सहा मीटर अंतर एका पायावर वेळ लावून. दोन्ही पायांत निदान ९० टक्के बरोबरी हवी, मांडीच्या ताकदीतही हवी. शिवाय मनाच्या तयारीसाठी १२ प्रश्न असतात, ते त्या मराठीत समजावून विचारतात. आमची मुलगी उड्यांत पास झाली आणि या प्रश्नांत अडकली. वळताना तिला भीती वाटत होती. मग कमरेला पट्टा बांधून ओढत वळायला लावलं, नंतर एक बचावपटू, नंतर साखळी. आणि हे सगळं ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम घालत! दम संपत आला की पाय कसा पडतो, ते बघायचं होतं. कबड्डी समजून घेऊन व्यायाम देणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

त्या एकदा आमच्या सरावालाही आल्या. आम्ही मैदानाला फेऱ्या मारून, वाकून-ताणून सुरुवात करायचो. त्यांनी फिफाच्या ‘११ प्लस’ सरावावरून आमच्यापुरता २० मिनिटांचा वॉर्मअप बसवून दिला. एका पायावर तोल, प्लँक, गुडघ्यांवर बसून अंग हळूहळू पुढे सोडायचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम, उडी मारून मऊ उतरणं. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या फुटबॉल संघांवर याचा अभ्यास होऊन २००८ साली तो छापून आलाय, त्यात गंभीर दुखापती घटल्या होत्या. मुलींना पहिले काही दिवस कंटाळा आला. आता कॅप्टन स्वतः घेते.

तक्रारी दोन. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. कुबड्या घेऊन चढणाऱ्या मुलीला आम्ही दोघी-तिघी धरून न्यायचो. जागा खाली मिळत असेल तर बघाच, ही कळकळीची विनंती. दुसरं म्हणजे फी. चाळीतल्या घराला महिनोन्‌महिने झेपणारी नाही. मी हे स्पष्ट बोलले तेव्हा त्यांनी फेऱ्या कमी करून वहीत घरचे व्यायाम लिहून दिले, आणि दर भेटीला आधी ती वही तपासली. पण हे मागितल्यावर मिळालं. त्यांनी आपणहून सांगायला हवं, कारण आमच्या मुली विचारत नाहीत, यायच्या थांबतात.

जाणार असाल तर सकाळची वेळ घ्या, संध्याकाळी सहानंतर फार थांबावं लागतं. एमआरआयबरोबर ऑपरेशनचा कागदही न्या, कारण हॅमस्ट्रिंग घेतलंय की दुसरं काही आणि गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) शिवलीय का, यावर पहिले व्यायाम ठरतात. मुलीला गुडघ्यावरची चड्डी घालून न्या, आणि शक्य असेल तर तिच्या प्रशिक्षकालाही पहिल्या भेटीला सोबत न्या.