चौकट अस्सल, उमराव छापील

गेल्या वर्षी इंग्लंडमधील एका लहान शहरातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मी 450 पौंड मोजून एक लघुचित्र विकत घेतले. तळहातावर मावणारे ते चित्र पंधराव्या लुईच्या काळातील एका फ्रेंच उमरावाचे असून 1760च्या सुमारास हस्तिदंतावर रंगवलेले आहे, असे विक्रेत्याने सांगितले. पावडर लावलेला केसांचा टोप, निळा मखमली कोट आणि गळ्याशी लेसची झालर पाहून मी तिथेच विरघळलो, हे कबूल करतो.

हस्तिदंत खरे कशावरून, असे विचारताच त्याने चौकटीकडे बोट दाखवले. तिच्या पिवळसर पट्ट्यांवर अस्सल हस्तिदंतात असतात तशा बारीक, समांतर, किंचित नागमोडी रेषा होत्या. भिंगातून उमरावाच्या गालावर ठिपके दिसले, तेव्हा जुने कलाकार त्वचा ठिपक्या-ठिपक्यांनीच रंगवत, असे तो म्हणाला. हे खरेच आहे, आणि म्हणूनच मी फसलो. व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएरा यांनी 1700च्या आसपास हस्तिदंतावर लघुचित्रे रंगवायला सुरुवात केली, तेव्हापासून पातळ जलरंगातून खालच्या हस्तिदंताची झाक चेहऱ्यावर उमटू देणे हे या कलेचे मर्म होते. पण हाताने दिलेले ठिपके लहानमोठे आणि विस्कळीत असतात, तर माझ्या उमरावाच्या गालावरचे ठिपके वहीच्या चौकटीत भरल्यासारखे ओळीने बसले होते.

घरी मागचा कागद सोडवला. त्यावरील फ्रेंच हस्ताक्षर एका जुन्या हिशेबवहीतले निघाले. त्याचा चित्राशी काहीही संबंध नव्हता. चित्र प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर छापलेले होते आणि बोटाला उंचवटा लागावा म्हणून फक्त लेसवर व गुंड्यांवर पांढऱ्या रंगाचे थेंब दिलेले होते. चौकटीच्या पट्ट्या मात्र जुन्या पियानोवरून काढलेल्या, खऱ्या हस्तिदंताच्या होत्या. मी तपासणी केली होती, पण चुकीच्या वस्तूची.

ब्रिटनमध्ये हस्तिदंतविषयक कायदा जून 2022 पासून अमलात आहे. त्यानुसार 1918 पूर्वीची आणि 320 चौरस सेंटीमीटरपर्यंतची व्यक्तिलघुचित्रे विकता येतात, परंतु विक्रीपूर्वी त्यांची नोंदणी करावी लागते. मी नोंदणीबद्दल विचारले होते. ‘एवढ्या जुन्या वस्तूला ती लागत नाही,’ हे त्याचे उत्तर ऐकूनच मी तेथून निघायला हवे होते. आपल्यापैकी कोणी असे चित्र घेणार असेल, तर नोंदणीचा क्रमांक आधी मागावा आणि भिंग चौकटीवर नव्हे, चेहऱ्यावर धरावे.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो, तेव्हा त्याच्या जागेवर चिनी मातीची भांडी मांडलेली होती. चित्र छापील असल्याने लघुचित्राची सवलत त्याला नाही आणि चौकट खरी असल्याने ते विकता येत नाही. भारतात न्यावे, तर तेथेही हस्तिदंताला बंदी आहे. उमराव सध्या कपाटाच्या खणात, मोज्यांच्या शेजारी आहे.