लिंका कुठे ठेवायच्या? सिम्बालू, पॅडलेट, रेनड्रॉप की सरळ गूगल डॉक

"सर ती लिंक परत टाका ना" हे आमच्या आठवीच्या पालकांच्या ग्रुपवर आठवड्यातून चारदा तरी येतं, आणि लिंक टाकून दोन तास पण झालेले नसतात, मधे कोणाचातरी वाढदिवस येऊन गेला की ती केक आणि फुलांच्या खाली गाडली जाते. या वैतागातूनच मी हे एकेक टूल वापरत गेलो, आता बाकीचे शिक्षक विचारतात कोणतं घेऊ, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे ठरवा की लिंका साठवायच्यात का दाखवायच्यात. घरात कोठीची खोली वेगळी आणि बैठकीची वेगळी असते तसंच आहे हे. मी सुरुवातीला दोन्ही एकातच करायला गेलो आणि पालकांना माझ्या साडेतीनशे लिंका दिसायला लागल्या, त्यात शाळेचं किती आणि माझ्या स्कूटरच्या इन्शुरन्सचं किती काही पत्ताच नाही.

दाखवायला सिम्बालू. नेदरलँड्सचं आहे, २००७ पासून चालू आहे. स्क्रीनवर चौकोनी रंगीत टाइल्सची जाळी, प्रत्येक टाइलमागे एक साइट, आणि अशा एका पानाला ते वेबमिक्स म्हणतात. माझ्या पानावर वरच्या ओळीत बालभारतीची पुस्तकं, दीक्षा (सरकारची शिक्षणाची साइट), मराठी विश्वकोश, आणि त्याखाली विज्ञानाचे फेट सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरच करून बघायचे प्रयोग (मराठीत पण आहेत बरेच, अवश्य बघा). एकच लिंक ग्रुपच्या माहितीत टाकली, उघडायला मुलांना लॉगिन लागत नाही. खरी गंमत जागेची आहे. टाइल जिथे ठेवली तिथेच राहते, त्यामुळे मुलं साइटचं नाव घेतच नाहीत, "सर कोपऱ्यातली निळी" म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. दुसरं म्हणजे एखाद्या सरकारी साइटचा चेहरामोहरा बदलला आणि जुना पत्ता मेला तर मी टाइलमागचा पत्ता गुपचूप बदलतो, वरून सगळं तसंच, ग्रुपवर काही सांगायला नको. तोटे पण आहेत, फुकटच्या आवृत्तीत जाहिराती दिसतात, लहान मोबाइलवर टाइलखालचं नाव बारीक होतं, आणि ही लिंक का बघायची हे दोन ओळीत लिहायला टाइलवर जागाच नाही. पन्नासच्या पुढे लिंका गेल्या की तर नुसता बाजार.

मुलांनीसुद्धा काहीतरी टाकावं असं वाटत असेल तर सिम्बालू विसरा आणि पॅडलेट घ्या. याचं आधीचं नाव वॉलविशर, म्हणजे भिंतच, ज्यावर फोटो, लिंक, आवाजाची रेकॉर्डिंग, काहीही चिकटवता येतं. कार्डं रकान्यात लावा, नकाशावर लावा, नाहीतर इतिहासाला टाइमलाइनवर लावा. मी गावातल्या जुन्या विहिरींचा प्रकल्प नकाशावाल्या भिंतीवर केला, एका मुलीने आजीचा आवाज रेकॉर्ड करून त्या जागेवर टाकला, दुष्काळात पाणी कसं शेंदायचे त्याबद्दल, हे टाइलमधे कसं बसवणार? पण एक लक्षात ठेवा, कार्ड तुम्ही पास केल्याशिवाय दिसू नये अशी सोय सेटिंगमधे असते ती पहिल्याच दिवशी चालू करा. मी केली नव्हती, चूक माझीच, संध्याकाळपर्यंत भिंतीवर सदतीस भुतांचे इमोजी आणि वर्गात सगळे साळसूद. आणि फुकटात भिंती मोजक्याच मिळतात, म्हणजे वर्षभराच्या सगळ्या विषयांना पुरणार नाहीत, जुनी पुसून नवी करायची किंवा पैसे भरायचे.

स्वतःच्या कोठीसाठी मात्र रेनड्रॉप. फुकटात हव्या तेवढ्या लिंका, फोल्डरच्या आत फोल्डर, टॅग, मोबाइलवर शेअर दाबलं की आत गेली. एखादं फोल्डर सार्वजनिक करून त्याची लिंक देता येते, पण खरं सांगू का, ती यादी मुलांना बघवत नाही. पानाच्या आतला मजकूर शोधणं आणि पानाची कायमची प्रत ठेवणं हे पैसेवाल्या आवृत्तीत आहे, मला अजून गरज पडली नाही.

बाकी स्टार्ट डॉट मी आहे, तिथे लिंकांबरोबर बातम्यांचे फीड, नोंदी, कामांची यादी एकाच पानावर, रोज सकाळी दहा साइट चाळणाऱ्याला बेस्ट, वर्गाला जास्तच गर्दी. पर्लट्रीज पॅरिसचं, दिसायला छान, पण फुकट खात्यात तुमचं सगळं सार्वजनिक. आणि दहा-बाराच लिंका असतील तर उगाच खाती काढत बसू नका, गूगल डॉकमधे एक टेबल करा, डावीकडे विषय, उजवीकडे लिंक, झालं काम.

ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा. लिंका ठेवायच्या अशाच जागा होत्या, त्यातलं आयगूगल २०१३ मधे बंद झालं, डिलिशस २०१७ मधे विकलं गेलं आणि त्यात नवीन काही टाकता येईना, पॉकेट २०२५ च्या जुलैत गेलं. म्हणजे आज जे फुकट आणि छान आहे ते उद्या असेलच असं नाही. रेनड्रॉपमधून सगळ्या लिंकांची एचटीएमएल फाइल निघते, जी कुठलाही ब्राउझर बुकमार्क म्हणून आत घेतो, पॅडलेटमधून पीडीएफ किंवा एक्सेल निघते. टाइल्स मात्र हाताने जमवलेल्या असतात, त्यामुळे मी प्रत्येक लिंक आधी रेनड्रॉपमधे टाकतो आणि त्यातली निवडक टाइलवर नेतो, उलट कधीच नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत ती फाइल काढून पेनड्राइव्हवर.

तर एकटे असाल तर नुसतं रेनड्रॉप. मुलांना फक्त दाखवायचं असेल तर सिम्बालू, त्यांच्याकडून काही हवं असेल तर पॅडलेट, आणि मुख्याध्यापकांना दाखवायचं असेल तर डॉकच, त्यांना प्रिंट लागते. माझ्या पानावर आत्ता चोवीस टाइल आहेत, सगळ्यात खालची ओळ मुद्दाम रिकामी ठेवलीय, सहामाहीचं वेळापत्रक आलं की ते तिथे, लाल रंगात.